ढोके गुरुजींचं कच्चं लायसन

आर्वीत एकोणऐंशी साली मोपेडी सात होत्या. त्या चालवणाऱ्यांपैकी लायसन किती जणांजवळ आहे, हा प्रश्न गावात कुणाला पडला नव्हता, आणि पडला नव्हता म्हणूनच सगळं सुरळीत चाललं होतं. चौकात कवडू हवालदार उभा असायचा. मोपेड आली की तो हात वर करायचा. थांब म्हणून नव्हे, रामराम म्हणून. मग आठवी मोपेड नरहर ढोके गुरुजींनी घेतली आणि त्यांना प्रश्न पडला.

प्रश्न पडणं ही गुरुजींची जुनी व्याधी. लग्नाच्या पंगतीत बसले की वाढप्याला विचारणार, मीठ आधी काऊन वाढतो? दवाखान्यात गेले की कंपाउंडरला विचारणार, औषधाच्या बाटलीवर चिकटवायच्या पट्टीच्या खुणा कोणत्या कात्रीनं कापतो? शाळेत ते सामान्य विज्ञान शिकवायचे, त्यामुळे या व्याधीचा पगारही मिळायचा. "एखाद दिवस प्रश्न पडला नाई तर तुमचं पोट दुखते काय?" असं त्यांच्या पत्नी सुमतीबाई विचारायच्या, तर गुरुजी त्यावरही विचार करत बसायचे.

मोपेड हौसेची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. गुरुजींची शाळा सावळखेड्याला, आर्वीपासून अकरा किलोमीटर. शाळा भरायची साडेदहाला आणि एसटी पोचायची अकराला. इतकी वर्षं शाळेनं एसटीशी जमवून घेतलं होतं. पण जूनमध्ये लक्ष्मणराव नावाचे नवे मुख्याध्यापक आले आणि येताना एक परिपत्रक घेऊन आले: शिक्षकांनी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहावे. लक्ष्मणराव बोलून मोकळे होणारे नव्हते, स्वतः राहत होते. बायकोला आर्वीत ठेवून त्यांनी सावळखेड्यात खोली घेतली होती आणि स्टोव्हवर हातानं खिचडी शिजवत होते. ती रोज खालून करपायची. करपलेली खिचडी खाऊन हजेरीपुस्तक उघडणाऱ्या माणसाकडून दयामायेची अपेक्षा करू नये. त्यांनी गुरुजींना दोन मेमो दिले आणि वर सांगितलं, "ढोके गुरुजी, आता उशीर झाला तर तिसरा मेमो देणार नाई. सरळ खोली पाहून देईन तुमाले. माझ्या बाजूचीच रिकामी हाये."

सुमतीबाई आर्वीच्या कन्याशाळेत शिकवायच्या. म्हणजे बाई आर्वीत आणि गुरुजी सावळखेड्यात, लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर! संध्याकाळी चहाचा कप हातात आहे, दिवसभराचे प्रश्न डोक्यात साचले आहेत आणि ते ऐकायला समोर सुमती नाही, ही कल्पनाच गुरुजींना सोसत नव्हती. ती ऐकायची नाही हा भाग वेगळा. पण न ऐकायलाही घरचं माणूस लागतं.

एसटी उशिरा आणि साध्या सायकलनं गुडघा दुखायचा, म्हणून मोपेड. जिनिंगचे मुनीम गाव सोडून चालले होते, त्यांची जुनी. निळा रंग, मागं लोखंडी कॅरिअर आणि खाली दोन पायडल. त्या पायडलांनी घात केला.

शेजारचे अण्णाजी एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. तीस वर्षं ड्रायव्हरची पाठ पाहिल्यामुळे मोटारीच्या कायद्यातलं आपल्याला सगळं समजतं असा त्यांचा समज होता. गाडीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "लायसन कायले पायजे बाप्पा? पायडल हाये ना? पायडल हाये म्हणजे सायकल."

"आणि इंजिन सुरू केलं तर?"

"तर मोटार."

"आणि उतारावर बंद केलं तर?"

अण्णाजी पान थुंकायला म्हणून उठले ते परत आले नाहीत.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? गाडी सुरू करून, कवडूचा रामराम घेऊन, मुकाट्यानं शाळेत गेला असता. गुरुजी मोपेड ढकलत पोलीस ठाण्यात गेले.

कवडू हवालदाराची नोकरी अठरा वर्षं झाली होती. ठाण्यात माणसं येत ती रडत तरी येत, नाही तर भांडत तरी. "हवालदारसाहेब, एक शंका आहे," असं म्हणत आलेला हा पहिलाच माणूस. कवडूनं खुर्चीच्या पाठीवरची टोपी घेऊन डोक्यावर चढवली आणि सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे इंजिन बंद असलं का सायकल, आन् चालू झालं का मोटार?"

"तेच तर विचारतो."

"पण एकच वस्तू दोन कशी होईन, गुरुजी?"

"काऊन नाही? बेडूक पाण्यात राहतो आणि जमिनीवरही राहतो."

कवडूनं वाकून मोपेडचं इंजिन पाहिलं. मग म्हणाला, "असं करा. बेडूक इथंच ठेवा. फौजदारसाहेब वर्ध्याले गेले हायेत, ते आले का इचारून सांगतो. तवरोक गाडी संशयित."

संशयित गाडी तीन दिवस ठाण्याच्या आवारात उभी राहिली, आणि जागा कोणती मिळाली? हातभट्टीच्या जप्त पिंपांच्या शेजारची! गुरुजींनी तीन दिवसांची किरकोळ रजा टाकली. पण गावाला काय तेवढंच पाहिजे असतं. दुसऱ्या दिवशी कन्याशाळेत तीन बायांनी सुमतीबाईंचा हात हातात घेऊन विचारलं, "गुरुजी कधीपासून घ्याले लागले हो?" बाई घरी आल्या त्या लालबुंद होऊन. गुरुजी म्हणाले, "अफवा किती वेगानं जाते ते मोजायला पाहिजे." बाईंनी त्या दिवशी चहा केला नाही.

चौथ्या दिवशी फौजदारांनी निकाल दिला. इंजिन चालवायचं तर लायसन पाहिजे. आधी कच्चं, मग परीक्षा, मग पक्कं. आरटीओचा कॅम्प महिन्यातून एका बुधवारी विश्रामगृहाच्या मैदानात लागतो, तिथं जा. तोपर्यंत इंजिन बंद ठेवून पायडल मारायची मुभा आहे, पण मग ती सायकल झाली, आणि सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला पाहिजे. गुरुजींनी नगरपालिकेतून पत्र्याचा बिल्ला आणला आणि तारेनं हँडलला बांधला. बिल्ला देणाऱ्या कारकुनानं गाडी पाहून कपाळाला हात लावला, पण गुरुजींच्या चेहऱ्यावर आणखी एक प्रश्न येताना दिसला तसा त्यानं घाईघाईनं शिक्का मारला.

पायडल मारत मोपेड नेणं म्हणजे काय, ते ज्यानं नेली त्यालाच कळेल. साध्या सायकलनं गुडघा दुखतो म्हणून ज्या माणसानं मोपेड घेतली, तो आता तीन सायकलींच्या वजनाची सायकल हाणत होता. सकाळी साडेसातला निघावं तेव्हा सव्वादहाला सावळखेडं यायचं. कापसाच्या गाड्या मागून येऊन पुढं निघून जायच्या. नत्थूजी नावाचे एक शेतकरी रोज बैलगाडी हळू करून विचारायचे, "गुरुजी, मशीन बिघडली काय?"

"नाही हो, मशीन चांगली आहे. कायदा आहे."

"मंग गाडीत टाका ना तिले. बैलाले कायदा नाई."

गुरुजींना मोह व्हायचा. पण बैलगाडीत ठेवलेली मोपेड हे वाहन की सामान, हा प्रश्न मध्ये यायचा आणि तो सोडवेपर्यंत नत्थूजी पुढच्या वळणावर पोचलेले असायचे.

इकडे कवडूलाही ही व्याधी लागली. अठरा वर्षं झोपलेली जिज्ञासा जागी झाली म्हणा ना! एका सकाळी त्यानं गुरुजींना चौकात थांबवलं. "गुरुजी, टाकीत पेट्रोल हाये?"

"आहे. अर्धी टाकी."

"सायकलले पेट्रोल कायले लागते?"

प्रश्न बिनतोड होता. गुरुजींनी प्रामाणिकपणे पेट्रोल बाटलीत काढलं, तर कवडू म्हणाला, पेट्रोल असं बाटलीत घेऊन फिरणं हाही गुन्हाच असावा, विचारून सांगतो. सुमतीबाईंनी ती बाटली परसातल्या भिंतीवर ठेवली आणि त्या बाजूला उदबत्ती न्यायचीही बंदी केली. एवढ्यावर थांबला तर कवडू कसला! त्यानं बाकीच्या सात मोपेडवाल्यांनाही थांबवून विचारायला सुरुवात केली, "तुमच्यापाशी लायसन हाये काय?" दंड करायचा म्हणून नव्हे, नुसतं समजून घ्यायचं म्हणून. पण लोकांना तो फरक कळेना. आठवडाभरात साती मोपेडी घरात गेल्या आणि किराणा दुकानदारापासून कापडवाल्यापर्यंत सात भले लोक गुरुजींचा नमस्कार घेईनासे झाले.

कॅम्पचा बुधवार आला. डॉक्टरचा दाखला, तीन फोटो आणि फॉर्म घेऊन गुरुजी रांगेत पहिले, आणि मागं ते सात जण तोंडं फुगवून. आरटीओचे साहेब उंच, सडपातळ आणि अबोल. त्यांनी पाच मिनिटांत कच्चं लायसन हातात ठेवलं. इतकं सोपं पाहून गुरुजी हिरमुसले. साहेब सवयीनं म्हणाले, "काही शंका?" आजवर या वाक्याला कुणी उत्तर दिलं नसावं.

"साहेब, कच्च्या लायसनवर एकट्यानं जाता येतं का?"

साहेबांनी मान वर केली. "नाही. पक्कं लायसन असलेला माणूस सोबत पाहिजे. पुढं-मागं लाल अक्षरात एल लावायचा."

"तो माणूस बसणार कुठं?"

"कॅरिअरवर गादी बांधा."

मागच्या रांगेतून सात जणांनी एकदम "अरे बाप्पा!" केलं. या गृहस्थानं तोंड बंद ठेवलं असतं तर आजपासून सगळे मोकळे होते.

आता पक्कं लायसन असलेला माणूस आणायचा कुठून? गुरुजींनी आर्वी पालथी घातली. अण्णाजी म्हणाले, "मी तीस वर्षं गाडीवर काढली हायेत!" पण लायसन म्हटल्यावर म्हणाले, "ते ड्रायव्हरपाशी राहे." डॉक्टरांकडे मोटार होती, लायसन त्यांच्या ड्रायव्हरजवळ होतं आणि ड्रायव्हर सासुरवाडीला गेला होता. कवडूनं तर कानावर हातच ठेवले. त्याची स्वतःची फक्त सायकल. शेवटी सुमतीबाईच सहज बोलून गेल्या, "जिजाबाई सांगत होत्या, त्यांचे हे दर तीन वर्षांनी लायसन नवं करून आणतात. सासऱ्यानं लग्नात मोटारसायकल दिलती म्हणे. ती इकून चौदा वर्षं झाली, पण लायसन चालूच हाये."

"कोण जिजाबाई?"

"अहो, लक्ष्मणरावांच्या. बिचारी एकटी राहते. नवरा रविवारी येते तो मळलेले कपडे घेऊन, आन् सोमवारी जाते धुतलेले घेऊन."

गुरुजी डोक्याला हात लावून बसले. सगळ्या तालुक्यात हाताशी येण्यासारखं एकच लायसन, आणि तेही मेमोवाल्याच्या खिशात! पण इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी पायडल मारत शाळेत पोचल्यावर घाम पुसून ते मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि अडचण सांगितली.

लक्ष्मणरावांनी चष्मा काढला. "म्हणजे मुख्याध्यापकानं मुख्यालय सोडून तुमच्या कॅरिअरवर बसायचं?"

"सर, कायद्यानं सोबती लागतो."

"मुख्यालयी राहणं हाही कायदाच हाये."

"खरं आहे, सर. फक्त एक शंका आहे. मुख्यालयी राहावे म्हणजे शाळेच्या वेळात राहावे, की झोपायलाही राहावे? परिपत्रकात काय लिहिलं आहे?"

लक्ष्मणरावांनी कपाटातून परिपत्रक काढलं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. कागद उलटा करून मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली. पाच महिने त्यांनी त्या कागदापायी करपलेली खिचडी खाल्ली होती आणि हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवला नव्हता. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"लिहिलं नाई."

 मग त्यांनी खिडकीतून आपल्या खोलीच्या कुलपाकडे पाहिलं आणि विचारलं, "संध्याकाळी किती वाजता निघता तुमी?"

त्या दिवसापासून आर्वी-सावळखेडा रस्त्यानं एक वरात जाऊ-येऊ लागली. पुढं लाल एल, मागं लाल एल, मध्ये ताठ बसलेले ढोके गुरुजी आणि कॅरिअरवर छत्री-पिशवीसकट लक्ष्मणराव. गादीला खोळ जिजाबाईंनी शिवली होती. लक्ष्मणराव नुसते बसणारे सोबती नव्हते, शिकवणारे होते. "हॉर्न द्या. म्हैस हाये. म्हशीकडं पाहू नका, रस्त्याकडं पाहा. वळताना हात दाखवा." रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी हात दाखवावा लागायचा. चढावर मात्र कायदा संपायचा; गुरुजी पायडल मारायचे आणि मुख्याध्यापक उतरून मागून ढकलायचे. पण दहा वीसला दोघंही शाळेत. उशीर झाला तर दोघांना होणार, त्यामुळे मेमोचा कागद कपाटातून बाहेर आलाच नाही. महिनाभरात लक्ष्मणरावांच्या गालांवर मांस आलं. ते हजेरी घेताना हसले, असंही एका शिक्षकानं शपथेवर सांगितलं.

पुढचा कॅम्प जवळ आला. आता गुरुजींची गाडी लोण्यासारखी चालत होती. कवडूनं ठाण्यामागं चुन्यानं इंग्रजी आठ काढून दिला होता, परीक्षेत तो पाय न टेकता काढावा लागतो म्हणून त्यावर ते रोज घिरट्या घालत. सबंध गाव मनापासून इच्छा करत होतं की हा माणूस एकदाचा पास होवो आणि प्रश्न बंद होवोत.

मंगळवारी परतताना चढावर गाडी ढकलता ढकलता लक्ष्मणराव थांबले. "गुरुजी, वरून पत्र आलं हाये. मुख्यालयी रातच्या मुक्कामाले कोण राहते आन् कोण नाई, यादी मागितली."

"मग?"

"मी आपल्या दोघांपुढं लिहिलं, शिकाऊ चालकासोबत कायद्यानं जाणे भाग. उद्या तुमचं पक्कं झालं का मले ते लिहिता येणार नाई. मी आपला परत खोलीवर. आन् मी खोलीवर गेलो का तुमालेही यावं लागन. गाडी असो का नसो. माझ्याच्यानं दोन न्याय होत नाई."

गुरुजींनी पायडल थांबवलं. मग म्हणाले, "म्हणजे नापास होऊ?"

लक्ष्मणराव संतापले. "असं म्हणू नका! मी शिकवलं हाये तुमाले. माझा विद्यार्थी नापास झाला तर मी तोंड कुठं दाखवू?" आणि मग एकदम बारीक आवाजात म्हणाले, "जिजाबाईनं काल भरली वांगी केलती हो."

बुधवारी विश्रामगृहाचं मैदान भरून गेलं. सात मोपेडवाले आधी झाले. त्यातल्या पाच जणांचे पाय चुन्यात टेकले. कडुनिंबाखाली सुमतीबाई आणि जिजाबाई शेजारी शेजारी उभ्या होत्या. लक्ष्मणराव हात मागं बांधून पुढच्या रांगेत. छाती गुरूची आणि तोंड खिचडी खाल्लेल्याचं.

गुरुजींनी गाडी सुरू केली. काय तो आठ काढला राजेहो! पहिलं वळण, मधला छेद, दुसरं वळण, हात दाखवून हॉर्न देऊन सगळं तंतोतंत. अण्णाजीसुद्धा "वा" म्हणाले. साहेबांनी पेन उघडलं. गुरुजींनी आता सरळ बाहेर पडायचं, की झालं. पण ते बाहेर पडले नाहीत. गर्रकन वळून पुन्हा आठात शिरले.

साहेबांच्या समोरून जाताना ते ओरडले, "साहेब, एक शंका!" आणि पुढं गेले.

"झालं तुमचं! बाहेर या!"

गुरुजी वळून आले. "आठ पूर्ण झाला, पण गाडी आतच आहे. आता..." आणि पुन्हा लांब गेले. पुढची फेरी येईपर्यंत अख्खं मैदान माना फिरवत होतं. "...आता पाय टेकला तर?"

"गाडी रेघेबाहेर निघेपर्यंत परीक्षा चालू असते! टेकला तर नापास!"

चव्वेचाळीस वर्षांत नरहर ढोके कुठल्याच परीक्षेत नापास झाले नव्हते. सातवीच्या केंद्र परीक्षेत ते तालुक्यात दुसरे आले होते. त्यांचेच विद्यार्थी कुंपणावर बसून पाहत होते. गुरुजींनी कडुनिंबाकडे एकदा पाहिलं.  मग त्यांनी साहेबांच्या बरोबर पुढ्यात ब्रेक मारला, उजवा पाय उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा चुन्यात ठेवला.

"हा पाहा, साहेब. टेकला."

मैदानात असा हशा उठला की विश्रामगृहाच्या छपरावरचे कावळे उडाले. कवडूनं तोंड फिरवलं. लक्ष्मणराव तरातरा पुढं आले आणि सगळ्यांदेखत कडाडले, "ढोके गुरुजी! एवढं शिकवलं, आन् ऐन वेळेले पाय? लाज वाटाले पायजे!" गुरुजींनी कान लाल करून खाली मान घातली.  मग लक्ष्मणरावांनी त्यांच्या खांद्यावर एकदा हात दाबला आणि छत्री-पिशवी घेऊन गुपचूप कॅरिअरवर चढून बसले.

साहेबांनी फॉर्मवर नापास लिहिलं. लिहिताना त्यांनी कॅरिअरवरच्या गृहस्थाकडे पाहिलं, कडुनिंबाखाली डोळ्यांना पदर लावणाऱ्या दोन बायांकडे पाहिलं, मग गुरुजींच्या चुन्यानं भरलेल्या चपलेकडे. कागद परत देताना म्हणाले, "काही शंका?"

"एकच, साहेब," गुरुजी अगदी हळू म्हणाले. "कच्चं लायसन किती वेळा वाढवून मिळतं?"

साहेबांनी जाडजूड पुस्तक ओढलं, पान काढलं आणि बोट फिरवत खालपर्यंत वाचलं. मग पुस्तक मिटवून ते पहिल्यांदाच हसले.

"लिहिलं नाही," ते म्हणाले. "पुढचा!"